डूमचा सोर्स कोड: कंपनीने काय दिलं, काय अडलं आणि पुढे त्याचं काय झालं

२३ डिसेंबर १९९७ रोजी टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ या गोळीबाराच्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला. गेम १० डिसेंबर १९९३ ला आला होता, म्हणजे मधे जेमतेम चार वर्षं गेली होती. त्या कोडवरून निघालेली इंजिनं, म्हणजे गेम चालवणारे प्रोग्राम, आजही चालू आहेत, त्यांत अजून सुधारणा होतात, आणि तरीही मूळ गेम विकत मिळतो व लोक तो विकत घेतात. जुन्या गेमचा कोड कंपन्यांनी द्यावा की नाही, या वादात डूमचं नाव हमखास निघतं. पण कोड म्हणून नेमकं काय दिलं गेलं, काय देता आलं नाही आणि परवान्याच्या चार ओळींमुळे किती वर्षं वाया गेली, हे क्वचितच कुणी मांडतं. या प्रकरणाचं खरं महत्त्व त्या तपशिलात आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: कोड द्यावा, आणि तो लिहिणारी माणसं अजून कंपनीत असताना द्यावा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम तेव्हा विक्रीत नव्हते. कॉपीराइट संपायची वाट पाहायची म्हटलं, तर अमेरिकेतल्या ९५ वर्षांच्या हिशोबाने डूमचा हक्क २०८८ च्या अखेरीस संपतो. तोवर १९९३ चा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन), साउंड कार्ड आणि ते समजणारी माणसं यांतलं काहीच उरलेलं नसेल.

पेटीत काय होतं

मूळ गेम डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालायचा, पण दिला गेला तो लिनक्स आवृत्तीचा कोड. कारण एकच होतं. डॉस आवृत्तीतला आवाज डीएमएक्स नावाच्या विकत घेतलेल्या लायब्ररीतून (तयार कोडच्या संचातून) यायचा आणि तिची मालकी दुसऱ्याकडे होती. इडला ती वाटण्याचा अधिकार नव्हता. इडचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकने सोबतच्या रीडमी फाइलमध्ये ही चूक होती असं सरळ लिहिलं, आणि आता आवाजाचा कोड आपण स्वतःच लिहितो असंही नोंदवलं. लिनक्स आवृत्ती मात्र आधीपासून तयार होती. तिच्यात आवाज काढण्याचं काम एका वेगळ्या छोट्या प्रोग्रामकडे होतं आणि तो सगळा कंपनीच्या मालकीचा होता. बर्न्ड क्राइमायर यांनी कोड साफसूफ करून बाहेर देण्याजोगा केला.

उघडल्यावर चार फोल्डर दिसतात. मुख्य गेमचा ‘लिनक्सडूम-१.१०’, आवाजाचा साउंड सर्व्हर, आयपीएक्स नेटवर्कवर खेळण्यासाठीचा डॉस ड्रायव्हर आणि मोडेम किंवा सिरियल केबलवरून खेळण्यासाठीचा ड्रायव्हर. संगीत नाही. संगीताची फंक्शन्स नावाला आहेत, आत रिकामी. पडद्यावर भिंतींचे उभे पट्टे आणि जमिनीचे आडवे पट्टे काढणारा भाग डॉसमध्ये असेंब्लीत लिहिलेला होता. इथे त्याच्या जागी सी भाषेतली फंक्शन्स आहेत. गेम ज्या रूपात लोकांनी खेळला ते रूप हुबेहूब हातात आलं नाही, त्याचा अगदी जवळचा भाऊ आला. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

आणखी एक गोष्ट दिली गेली नाही, आणि ती जाणूनबुजून: चित्रं, आवाज आणि लेव्हल. डूममध्ये हा सगळा ऐवज एका वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे वॅड फाइलमध्ये असतो. तिची रचना साधी आहे. सुरुवातीला १२ बाइटचं शीर्षक: चार बाइट ओळख (मूळ गेमची की बाहेरच्या कुणी केलेली), चार बाइट आतल्या तुकड्यांची संख्या, चार बाइट यादी कुठे सुरू होते ते ठिकाण. यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची: तुकडा कुठे आहे, किती मोठा आहे आणि आठ अक्षरांचं नाव. इंजिन हा प्रोजेक्टर आणि वॅड हे रीळ. प्रोजेक्टरचा आराखडा वाटून टाकला तरी रीळ कंपनीच्याच तिजोरीत राहतं. शेअरवेअरची, म्हणजे गेमच्या नमुना भागाची, वॅड फाइल, आवृत्ती १.९, ४१,९६,०२० बाइटची, तेव्हाही फुकट होती आणि कोड तपासायला ती पुरते. पूर्ण गेम खेळायचा तर विकत घ्यावाच लागतो.

कोड आणि ऐवज यांच्यातली ही रेघ कोड खुला करायचा म्हणून ऐन वेळी आखलेली नव्हती. लोकांनी स्वतःच्या लेव्हल बनवाव्यात या विचाराने ती १९९३ मध्येच ठेवलेली होती. ज्या गेममध्ये चित्रं, संवाद, किमतींचे तक्ते हे सगळं कोडमध्येच मिसळलेलं असतं, तिथे कोड द्यायचा म्हणजे गेमच देऊन टाकायचा. तिथे कंपनीचा नकार समजण्यासारखा आहे.

आज हा कोड कंपाइल केला तर

कोड ‘दिला’ म्हणजे तो चालतोच असं नाही. १९९७ चा हा कोड आजच्या लिनक्सवर बांधायला गेलं की कुठे कुठे अडतं ते पाहण्यासारखं आहे, कारण कोणत्याही जुन्या गेमच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच घडणार.

पहिली अडचण किरकोळ. पडद्याचं काम पाहणाऱ्या फाइलमध्ये ‘एररनोप.एच’ नावाची हेडर फाइल मागितली आहे. ती आता नसते, तिथे ‘एररनो.एच’ करायचं. आवाजाच्या फाइलमध्ये एररनो हे चल हाताने जाहीर केलं आहे. आजच्या सी लायब्ररीत ते प्रत्येक थ्रेडचं वेगळं असल्यामुळे लिंक करताना तक्रार येते. ती ओळ काढून हेडर घालायचं. मेकफाइलमध्ये एनएसएल नावाची लायब्ररी लिंक केली आहे, ती नसेल तर यादीतून काढायची.

दुसरी अडचण मात्र घातक. कोड लिहिणाऱ्यांनी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, चार बाइटचाच असतो असं गृहीत धरलं होतं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. टेक्स्चरच्या, म्हणजे भिंतींवरच्या चित्रांच्या, यादीसाठी ‘टेक्स्चरची संख्या गुणिले ४’ एवढीच जागा मागितली आहे. ६४ बिट मशीनवर पॉइंटर आठ बाइटचा, म्हणजे मागितलेल्या जागेच्या दुप्पट लिहिलं जातं आणि शेजारची मेमरी खराब होते. वॅडमधून टेक्स्चरची माहिती थेट एका स्ट्रक्चरमध्ये वाचली जाते. त्या स्ट्रक्चरमध्ये आता वापरात नसलेला एक पॉइंटर आहे. फाइलमध्ये त्याला चार बाइट आहेत, ६४ बिटमध्ये मात्र तो आठ बाइट घेतो. परिणामी त्याच्या पुढचा आकडा, म्हणजे टेक्स्चरमध्ये किती तुकडे आहेत तो, चुकीच्या जागेवरून वाचला जातो. तिसऱ्या ठिकाणी रंगांच्या तक्त्याचा पत्ता २५६ च्या पटीत आणण्यासाठी पॉइंटर सरळ पूर्णांकात बदलला आहे. तिथे वरचे ३२ बिट कापले जातात आणि गेम सुरू होताच कोसळतो.

सोपा उपाय म्हणजे ३२ बिटसाठी कंपाइल करणे आणि एक्स विंडोच्या ३२ बिट लायब्ररी बसवणे. नीट उपाय म्हणजे अशी सगळी ठिकाणं दुरुस्त करणे: चारच्या जागी पॉइंटरचा खरा आकार, स्ट्रक्चरमध्ये पॉइंटरच्या जागी ३२ बिट पूर्णांक, आणि पत्त्यासाठी पॉइंटरएवढा पूर्णांक.

एवढं करून प्रोग्राम बांधला की तो सांगतो, मला फक्त २५६ रंगांचा पडदा चालतो. आजच्या पडद्यावर तो प्रकार नाही. झेफिर नावाचा प्रोग्राम विंडोच्या आत दुसरा पडदा उघडतो. त्याला ६४० गुणिले ४८०, खोली ८ बिट असं सांगितलं की गेम सुरू होतो. मूळ चित्र ३२० गुणिले २०० चं असल्याने ते दुप्पट करण्याचा पर्यायही द्यावा. आवाजासाठी साउंड सर्व्हर जुन्या पद्धतीच्या साउंड डिव्हाइसची मागणी करतो, ते नसेल तर गेम मुका चालतो. मग शीर्षकपडदा येतो, पण मागे चालणारा नमुना खेळ दिसत नाही. कारण कोडची आवृत्ती ११० आणि वॅडमधली नोंद १०९, त्यामुळे ‘डेमो वेगळ्या आवृत्तीचा आहे’ असं म्हणून गेम तो सोडून देतो. आवृत्तीचा आकडा १०९ केला की नमुना खेळ सुरू होतो.

सांगायचा मुद्दा हा, की अडचणी बऱ्याच असल्या तरी प्रत्येकीला उत्तर आहे, कारण तिचं मूळ कोडमध्येच दिसतं. हातात नुसती एक्झी फाइल (कंपाइल झालेला तयार प्रोग्राम) असती, तर ‘सुरू होताच बंद पडतो’ यापलीकडे फार थोड्यांना काही सांगता आलं असतं.

मर्यादा, चुका आणि त्या जशाच्या तशा जपणं

डूमच्या कोडमध्ये ठोक मर्यादा आहेत. सपाट पृष्ठभाग, म्हणजे एकाच उंचीचा, एकाच चित्राचा आणि एकाच उजेडाचा जमिनीचा किंवा छताचा भाग, एका दृश्यात जास्तीत जास्त १२८. भिंतींचे तुकडे २५६. दिसणाऱ्या वस्तू १२८. वर-खाली सरकणारे मंच ३०. सेव्ह केलेल्या खेळासाठी १,८०,२२४ बाइटची जागा. हौशी लोकांनी मोठ्या, मोकळ्या लेव्हल बनवल्या की एखाद्या खिडकीतून बाहेर पाहताच गेम बंद पडून डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘नो मोअर व्हिसप्लेन्स’ अशी ओळ उरायची. कोड येण्याआधी लेव्हल बनवणारे प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून हे तपासत आणि पायऱ्या कमी कर, उजेड सारखा कर, असे उपाय करत.

कोड आल्यावर १९९८ मध्ये टीमटीएनटी या हौशी गटाने ‘बूम’ नावाचं इंजिन काढलं आणि या मर्यादा उठवल्या. ली किलो यांनी सपाट पृष्ठभागांसाठी ठरावीक लांबीच्या यादीऐवजी हॅश टेबल वापरलं. त्यामुळे मर्यादा गेली, आणि प्रत्येक नवा पृष्ठभाग शोधताना सगळी यादी चाळायचं कामही वाचलं. सरकते पट्टे, खोल पाणी, दारं आणि लिफ्ट यांचे हवे तसे प्रकार अशा सोयीही आल्या. बूममधून पुढे एमबीएफ, प्रबूम आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या निघाल्या.

मर्यादा उठवणं सोपं होतं. जुना खेळ अगदी जुन्यासारखा चालवणं फार कठीण निघालं. डूमच्या डेमो फाइलमध्ये चित्र नसतं, खेळाडूच्या हालचाली असतात: सेकंदाला ३५ ठोके, प्रत्येक ठोक्याला प्रत्येक खेळाडूचे चार बाइट. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वळण आणि बटणं. यादृच्छिकता म्हणून २५६ आकड्यांचा ठरलेला तक्ता क्रमाने वाचला जातो. इंजिनाने प्रत्येक ठोक्याला तंतोतंत तेच गणित केलं, तरच डेमो जमतो. एका ठिकाणी एक आकडा जास्त उचलला गेला की राक्षस वेगळीकडे वळतो आणि काही सेकंदांत खेळाडू भिंतीवर गोळ्या झाडत बसतो. म्हणून डेमो ही इंजिनाची सर्वांत कडक परीक्षा. वेगाने खेळण्याचे विक्रम १९९४ पासून डेमोच्या रूपात जपलेले असल्यामुळे ही परीक्षा पास होणं लोकांना महत्त्वाचं वाटतं.

सायमन हॉवर्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘चॉकलेट डूम’चं ध्येय हेच होतं: डॉसवरचा डूम, त्याच्या चुकांसकट. इथे लिनक्सचा कोड मिळाल्याची उणीव जाणवली. एक उदाहरण पुरे. मधे खांब आणि भोवती खंदक अशा रचनेला कोडमध्ये डोनट म्हणतात. लेव्हल चुकीची बांधली असेल तर या फंक्शनला शेजारचा भाग सापडत नाही आणि ते शून्य पत्त्यावरून वाचू लागतं. लिनक्सवर तिथेच क्रॅश. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नव्हतं, त्यामुळे शून्य पत्त्यावर जे काही असेल, म्हणजे डॉसचेच स्वतःचे बाइट, ते जमिनीची उंची म्हणून उचललं जायचं आणि गेम पुढे चालायचा. चॉकलेट डूममध्ये डॉस ६.२२, डॉस ७.१ आणि डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) यांच्या त्या जागेवरच्या मोजक्या बाइटची नक्कल ठेवलेली आहे, आणि कोणती वापरायची ते सांगता येतं. अशा खोलात जाऊन जतन करणारी माणसं मिळणं हे कोड खुला करण्याचं फळ आहे. पगारी माणसाला हे काम कोणतीही कंपनी देणार नाही.

परवाना: चार ओळी, दहा वर्षं

१९९७ चा परवाना शिक्षणासाठी आणि बिनव्यापारी वापरासाठी होता. त्यात बदललेला कोड परत द्यायचं बंधन नव्हतं. ब्रूस लुइस यांनी ग्राफिक्स कार्डावर चालणारा ‘जीएलडूम’ याच काळात केला. तो लोकांना खूप आवडला, पण कोड त्यांच्याकडेच होता आणि हार्ड डिस्क खराब झाल्यावर तो गेला. तेच काम दुसऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये इडने तोच कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली पुन्हा दिला: वापरा, बदला, विकासुद्धा, पण वाटाल तेव्हा बदललेला कोडही द्या. लिनक्सच्या वितरणांमध्ये हे इंजिन आलं ते यामुळे. २००१ पासून फ्रीडूम प्रकल्पाने मुक्त परवान्याखाली स्वतःची चित्रं, आवाज आणि लेव्हल जमवून पूर्ण वॅड तयार केली. त्यामुळे आता एकही रुपया न देता, कुणाचा हक्क न मोडता, हे इंजिन चालवता येतं.

याच्या उलट रेव्हन सॉफ्टवेअरचं. ‘हेरेटिक’ आणि ‘हेक्सन’ हे दोन्ही गेम डूमच्याच इंजिनावर बेतलेले. त्यांचा कोड जानेवारी १९९९ मध्ये आला, पण जीपीएलशी न जुळणाऱ्या परवान्याखाली. डूमचा भाग जीपीएल, हेरेटिकचा भाग वेगळा, आणि दोन्ही एका प्रोग्राममध्ये घालून वाटले तर परवान्याचा भंग. तिन्ही गेम एकत्र चालवणाऱ्या इंजिनांचे लेखक जवळजवळ दहा वर्षं या कात्रीत होते. सप्टेंबर २००८ मध्ये रेव्हनने दोन्ही कोड जीपीएलखाली पुन्हा दिले आणि प्रश्न मिटला. कोडमध्ये बदल काही नव्हता, बदलला तो फक्त परवाना.

हौशी बाजूलाही हाच त्रास झाला. झेडडूम आणि जीझेडडूम या लोकप्रिय इंजिनांत बिल्ड या दुसऱ्या इंजिनाचा काही कोड आणि एफमॉड ही आवाजाची बंद लायब्ररी होती, म्हणून ती बरीच वर्षं जीपीएल होऊ शकली नाहीत. एफमॉडच्या जागी ओपनएएल आणून आणि जुने तुकडे काढून जीझेडडूम २०१७ मध्ये जीपीएल झालं. म्हणजे १९९३ मध्ये इडला जी ठेच लागली, तीच बाहेरच्यांनाही लागली. आणि कारण दोन्हीकडे आवाजाची लायब्ररी.

कंपनीचं नुकसान झालं का

१९९७ च्या डिसेंबरात इडने ‘क्वेक २’ बाजारात आणला होता. डूमचं इंजिन विकत घेणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यामुळे परवाना विकून मिळणारं उत्पन्न बुडण्याचा प्रश्नच नव्हता. इडच्या पुढच्या गेममध्ये हा हिशोब दिसतो. क्वेक १९९६ चा, कोड १९९९ ला. क्वेक २ १९९७ चा, कोड २००१ ला. क्वेक ३ १९९९ चा, कोड २००५ ला. डूम ३ २००४ चा, कोड २०११ ला. त्यांची इंजिनं इतर कंपन्या जास्त काळ वापरत होत्या, आणि अंतरही वाढत गेलं. डूम ३ च्या वेळी तर पेटंटही आडवं आलं. सावल्या काढण्याच्या एका पद्धतीवर क्रिएटिव्ह कंपनीचं पेटंट होतं. कारमॅकने ती पद्धत टाळणारा बदल केला. बदल मोजक्या ओळींचाच होता, पण तो केल्यावरच वकिलांनी संमती दिली.

फायदा थेट मिळाला तो २००९ मध्ये. आयफोनसाठी वुल्फेन्स्टाइन थ्रीडी काढताना इडने बाहेरच्या लोकांनी जुन्या कोडवरून केलेलं ‘वुल्फ थ्रीडी रीडक्स’ आधाराला घेतलं, आणि डूम क्लासिकसाठी प्रबूम. कोड जीपीएल असल्यामुळे इडनेही आपले बदल प्रसिद्ध केले. स्वतःच दिलेल्या कोडवर बारा वर्षं फुकट झालेलं काम कंपनीने परत घेतलं आणि विकलं. ऑगस्ट २०२४ मध्ये नाइटडाइव्ह या कंपनीने केलेली डूम आणि डूम २ ची नवी आवृत्ती आली. तिच्यात बूमसाठी बनवलेल्या लेव्हल चालतात. हौशी लोकांनी १९९८ मध्ये ठरवलेलं स्वरूप आता विकल्या जाणाऱ्या गेमचं वैशिष्ट्य आहे.

नुकसानीची बाजूही आहे, आणि ती क्वेकच्या वेळी ठळक दिसली. डिसेंबर १९९९ मध्ये कोड खुला झाल्यावर बदललेले क्लायंट (खेळाडूच्या संगणकावर चालणारा गेमचा भाग) वापरून नेटवर थेट फसवणूक सुरू झाली: आपोआप नेम धरणारे, भिंतीआडचं दाखवणारे. खेळाडूच्या क्लायंटवर सर्व्हर विसंबून असेल तर असं होणारच. ज्या गेमचे सर्व्हर चालू आहेत आणि खेळणारे हजारोंनी आहेत, त्याचा कोड देण्याआधी सर्व्हरने प्रत्येक गोष्ट स्वतः तपासावी लागते, नाहीतर कोड सर्व्हर बंद करतानाच द्यावा. या एका आक्षेपात आम्हाला खरोखर दम वाटतो. ‘कोड गचाळ आहे, लोक हसतील’ या भीतीत तो नाही. वर सांगितलेल्या सगळ्या चुका उघड्या झाल्या म्हणून इडची पत कमी झाली नाही.

न दिलेल्या कोडचं काय होतं

‘स्ट्राइफ’ हाही डूमच्याच इंजिनावरचा गेम, रोग एंटरटेनमेंटचा, १९९६ चा. त्याचा कोड कधी खुला झाला नाही, कारण देण्याची वेळ आली तेव्हा तो हरवलेला होता. जेम्स हेली आणि सॅम्युअल व्हिलारेअल यांनी डॉसची एक्झी फाइल डिसअसेंबल करून (मशीनची भाषा वाचता येईल अशी उलगडून) ती फंक्शनमागून फंक्शन पुन्हा सी भाषेत लिहिली. त्यातून ‘चॉकलेट स्ट्राइफ’ उभं राहिलं आणि त्याच्या आधारावर २०१४ मध्ये नाइटडाइव्हने गेम पुन्हा विकायला काढला. हे जमलं, कारण डूमचा कोड खुला होता: एक्झीतला कोणता तुकडा जुना आणि कोणता स्ट्राइफचा स्वतःचा, हे शेजारी ठेवून पाहता आलं. शेजारी ठेवायला काहीच नसलेल्या गेमसाठी हे कष्ट कितीतरी पट वाढतात.

कोड देणाऱ्या कंपनीने कामाला कसं लागावं

पुण्या-मुंबईतल्या स्टुडिओंकडेही आता दहा-पंधरा वर्षं जुने मोबाइल गेम आहेत, तेव्हा हे त्यांनाही लागू आहे.

पहिलं काम जपून ठेवण्याचं. गेम बाहेर पडला त्या दिवशीचा कोड, त्याच आवृत्तीचा कंपायलर, बिल्ड स्क्रिप्ट, आणि चित्रांपासून डेटा फाइल बनवणारी साधनं, सगळं एका ठिकाणी. मग कोऱ्या मशीनवर ते बांधून पाहायचं आणि विकलेल्या फाइलशी बाइट-बाइट जुळतं का ते तपासायचं. जुळलं नाही तर फरक कशाने ते नोंदवायचं. बहुतेकदा तारीख-वेळ किंवा कंपायलरची आवृत्ती हे कारण निघतं, कधी कधी मात्र शेवटच्या घाईत केलेला आणि साठ्यात न चढवलेला बदल सापडतो.

दुसरं काम परक्या कोडची यादी. आवाज, व्हिडिओ, नेटवर्क, कॉपी-संरक्षण, कन्सोल कंपनीच्या गोपनीय हेडर फाइल. प्रत्येकीसमोर मालक कोण, करार कुठला, वाटायला परवानगी आहे का. जे देता येत नाही ते काढून त्याच्या जागी त्याच नावाची रिकामी फंक्शन्स ठेवायची, म्हणजे गेम मुका का होईना, पण कंपाइल होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने कमांड अँड कॉन्कर मालिकेतल्या जुन्या गेमचा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिला, तेव्हाही बाहेरच्या लायब्ररी वगळाव्या लागल्या. कोणत्या वगळल्या हे त्यांनी लिहून दिलं, आणि त्या लेखी यादीमुळेच बाहेरच्यांचं काम सुरू होऊ शकलं. कंत्राटावर काम केलेल्या प्रोग्रामरचे हक्क कंपनीकडे आले आहेत का, हेही याच वेळी करार काढून पाहायचं.

तिसरं, कोडमधली गुपितं. पासवर्ड, सही करण्याच्या किल्ल्या, सर्व्हरचे पत्ते, चाचणीसाठी वापरलेली खऱ्या खेळाडूंची माहिती, टिप्पण्यांमध्ये लिहिलेले सहकाऱ्यांचे फोन नंबर. आताच्या फाइली साफ केल्या तरी बदलांच्या जुन्या इतिहासात हे सगळं तसंच पडलेलं असतं. इतिहास देता आला तर अभ्यासकांना सोन्यासारखा, पण तो ओळ न् ओळ तपासायला माणूस नसेल तर फक्त शेवटची स्थिती द्यावी.

परवाना निवडताना स्वतःचा मसुदा लिहायला बसू नये. रेव्हनचा धडा तोच आहे. इतरांनी केलेल्या सुधारणा परत मिळाव्यात असं वाटत असेल तर जीपीएल. कुणीही, बंद उत्पादनातही वापरला तरी चालेल असं असेल तर एमआयटी. त्याच इंजिनावरचे इतर गेम आधी ज्या परवान्याखाली खुले झाले असतील, त्याच्याशी जुळणारा घ्यावा.

रीडमी फाइलमध्ये एवढं असावं: कोणत्या आवृत्तीचा कोड, कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या मशीनवर शेवटचा बांधला, काय काढलं आहे आणि त्याच्या जागी काय लागेल, डेटा फाइल कुठे विकत मिळते, आणि गेमचं नाव व चिन्ह यांचे हक्क कंपनीकडेच आहेत. प्रश्नांना उत्तरं देण्याचं किंवा पुढच्या दुरुस्त्यांचं आश्वासन देऊ नये. कारमॅकने तसं काही कबूल केलं नव्हतं. त्याने फक्त करून पाहण्यासारख्या गोष्टींची यादी दिली: दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्या, वर-खाली पाहता येऊ द्या, इंटरनेटवर खेळायची सोय करा, थ्रीडी कार्डावर चालवा. लोकांनी ती सगळी कामं पुरी केली.